सड्यावरून अश्वमुखी तेजोमेघ: दोन रात्री गेल्या, घोडा दिसेना

सडेकर
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचं घर. मागे कलमांची बाग आणि बाग संपली की कातळाचा मोकळा सडा. त्या कातळावर पाठ टेकून मी लहानपणापासून मृग नक्षत्र बघत आलोय. दोन वर्षांपूर्वी त्याच मृगातल्या घोड्याच्या डोक्याचा (म्हणजे त्या आकाराच्या, वायू आणि धुळीच्या अश्वमुखी तेजोमेघाचा) फोटो पाहिला आणि तेव्हापासून एकच ध्यास घेतलाय: हा फोटो आपल्या सड्यावरून, आपल्या हाताने काढायचा.

साहित्य: साधा डीएसएलआर (आतला फिल्टर काढलेला नाही), २०० मिमीची जुनी लेन्स एफ ४ वर, आणि ताऱ्यांबरोबर फिरणारा सेकंडहँड ट्रॅकर. मार्गशीर्ष अमावस्येच्या आगेमागे दोन रात्री बसलो. जेवणं आटपून अकराला सुरुवात, साडेतीनपर्यंत. दव पुसण्यात बराच वेळ गेला. एकेक मिनिटाच्या ११८ फ्रेम चांगल्या निघाल्या. डार्क (लेन्सला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) काढल्या, फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) काढल्या नाहीत. सिरिल या प्रोग्रॅममध्ये स्टॅक केलं (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो केला), पार्श्वभूमी साफ केली, ताणलं (अंधुक भाग उजळला). बाणातले तीन तारे झकास. पूर्वेकडच्या ताऱ्याशेजारचा ज्वाला तेजोमेघही पिवळसर दिसतोय. पण घोड्याच्या जागी नुसती करडी खरखर. साफ करण्याआधीच्या फोटोत एका बाजूला नारिंगी पट्टा होता, तो मात्र गेला.

आता काय करू? कॅमेरा उघडून फिल्टर काढून घेऊ, नवीन लेन्स घेऊ, की अजून रात्री जागू? आणि दवाचं काय करता तुम्ही?

आकाशवेडी
सुंदर धागा. कच्ची एक फ्रेम आणि स्टॅक केलेली, न ताणलेली फाइल चढवशील का? त्याशिवाय बोलणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

रत्नांग्रीकर
नारिंगी पट्टा पश्चिमेकडून येतोय का, ते बघ. तुझी वेळच चुकतेय असं मला वाटतं. या दिवसांत मृग मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याजवळ येतो आणि नंतर समुद्राकडे कलतो. म्हणजे तुझे शेवटचे दोन-अडीच तास दर्यावरच्या उजेडात गेले. एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, पण सड्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेडाची रांग अजूनही दिसतेच. हवेत बाष्प असलं की तो उजेड वर चढतो. आठ-साडेआठलाच सुरू कर. मृग तेव्हा पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असतो. दीड वाजता गुंडाळ.

मोहर
+१. शिवाय तेव्हा वाराही बदललेला असतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसभर समुद्राकडून दमट वारा, आणि जमीन निवाली की रात्री उलटा, जमिनीकडून. मतलई सुटला की आमच्या इथे आभाळ धुतल्यासारखं होतं. मी कायम त्याची वाट बघते.

सडेकर
@आकाशवेडी ताई, दोन्ही फाइल चढवल्या. @रत्नांग्रीकर दादा, बरोबर. पट्टा पश्चिमेचाच आहे, बारानंतरच्या फ्रेममध्ये जास्त.

जुनी_भिंगं
दवाबद्दल लिहितो, कारण त्यापायी मी एक लेन्स गमावली आहे. पाच पावसाळे ती कापडी पिशवीत कपाटात ठेवली होती. सहाव्या वर्षी काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने पुसून दिली, पण काचेवरचा मुलामा गेला. आता माझ्या सगळ्या लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेल घालून असतात. जेल दर महिन्याला तव्यावर भाजून घ्यायचं.

रात्री दव पडतं ते काच आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते म्हणून. काच उघड्या आभाळाकडे तोंड करून असते आणि अंगातली ऊब आभाळाला देऊन बसते. म्हणून पुसून उपयोग नाही, पुन्हा पाच मिनिटांत तेच. लेन्सच्या तोंडाशी पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा गुंडाळ. हाताला जेमतेम कोमट लागेल इतकाच. पुढे लांब हूड लाव, घरी केलेला पुठ्ठ्याचाही चालेल.

आणि पुसताना सांभाळ. किनाऱ्यावर काचेवर मीठ बसतं. आधी हवेचा फुगा मार, मग डिस्टिल्ड पाण्याने ओलसर कापूस हलक्या हाताने. कोरडं फडकं घासलंस तर मीठच काच खरवडतं.

दर्यासारंग
कॅमेरा मॉडिफाय करून घे, बाकी सगळं नंतर. घोडा स्वतः काळाच आहे, ती धूळ आहे. दिसतो तो मागच्या लाल पडद्यामुळे, आणि तो पडदा म्हणजे हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश. कंपनीने सेन्सरपुढे लावलेला फिल्टर नेमका तोच अडवतो. साधारण चौथा हिस्सा आत येतो. डोळ्यावर पट्टी बांधून घोडा शोधण्यातला प्रकार आहे हा.

जुनी_भिंगं
@दर्यासारंग, असहमत. चौथा हिस्सा येतो म्हणजे येतो तरी. कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा उघडायचा, सेन्सरवर एक केस अडकला की संपलं. तो पोरगा दोनच रात्री बसलाय. आधी बसू दे.

दर्यासारंग
घरी कोण उघडायला सांगतंय? जाणकाराकडून करून घ्यायचं. मी करून घेतलं आणि पहिल्याच रात्री एका फ्रेममध्ये लाल पडदा दिसला. त्या रात्री मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. हा आनंद त्यालाही लवकर मिळावा, एवढंच म्हणणं.

गणिताचे_सर
दोघांचंही बरोबर आहे, फक्त हिशेब मांडू. फ्रेमची संख्या वाढते तशी खरखर कमी होते, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. ११८ फ्रेम म्हणजे सुमारे दोन तास. खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ, म्हणजे आठ तास. आणखी निम्मी करायची तर बत्तीस. म्हणून दोनाचे आठ करणं सर्वांत फायद्याचं, त्यापुढे खिसा आणि झोप दोन्ही बघून ठरवावं.

दुसरं, अपेक्षा किती ठेवायची? घोड्याचं डोकं आकाशात जेमतेम ६ कला उंच (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). पौर्णिमेचं बिंब ३० कलांचं, त्याचा पाचवा हिस्सा. २०० मिमीच्या लेन्समागे ३.७ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर दर पिक्सेलला ३.८ विकला येतात. म्हणजे अख्खं डोकं साधारण ९५ पिक्सेलचं. आयाळ मोजायला जाऊ नकोस, पण मान, थूथन आणि टाळूचा बाक ओळखू यायला ९५ पुष्कळ झाले. लेन्स बदलायची गरज नाही.

आणि आपलं भाग्य बघ. लंडनहून हा तेजोमेघ जास्तीत जास्त ३६ अंश वर येतो. देवगडहून ७१ अंश. तेवढी कमी हवा मधे येते.

आकाशवेडी
फाइल पाहिली. सडेकर, घोडा आहे रे! तुझ्या स्टॅकमध्ये आहे. तूच तो पुसलायस.

न ताणलेली फाइल मी हलकेच ताणली. बाणातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या दक्षिणेला अर्ध्या अंशावर फिकट तांबूस पट्टी दिसते आणि तिला एक खाच पडलेली आहे. ती खाच म्हणजे तुझा घोडा. मग तू पार्श्वभूमी साफ केलीस तेव्हा प्रोग्रॅमने चौकटभर नमुन्याचे ठिपके आपोआप टाकले, तांबूस पट्टीवरसुद्धा. त्याला वाटलं हाही उजेडाचा डाग, त्याने तोही वजा केला. अंधुक तेजोमेघाच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण पसरलेला तेजोमेघ आणि पसरलेला उजेड यांतला फरक प्रोग्रॅमला कळत नाही, आपल्याला कळतो.

असं कर: ठिपके हाताने टाक, वीसच. ज्वालेपासून लांब, लाल पट्टीपासून लांब, ताऱ्यांपासून लांब. वक्र सगळ्यात साधा ठेव, पहिल्या घाताचा. समुद्राचा उजेड एका बाजूकडून दुसरीकडे उतरत जाणारा असतो, त्याला तेवढा पुरतो. एका रात्रीचा उतार आणि दुसऱ्या रात्रीचा उतार वेगळा असतो, म्हणून शक्य तर स्टॅक करण्याआधी फ्रेमवरच हे कर.

आणि फ्लॅट काढच. कोपरे काळवंडले आहेत, तो लेन्सचा दोष आभाळाच्या उताराशी मिसळला की काहीच नीट सुटत नाही. पहाटे आभाळ उजळलं की लेन्सवर पांढरं बनियन ताणून बसव, सुरकुती नको, फोकस हलवू नको, आणि तीसेक फ्रेम घे.

सडेकर
ताई, मी आत्ता पुन्हा उघडून बघितलं. खाच आहे! अंगावर काटा आला. दोन आठवडे ती माझ्याजवळच होती.

समईची_वात
वाचतेय, फार आवडतंय. एक भाबडा प्रश्न. हा घोडा सड्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो का? दिसत नसेल तर इतकं ताणून, वजा करून, रंग चढवून काढलेला फोटो खरा म्हणायचा का?

आकाशवेडी
भाबडा नाही, मुळातला प्रश्न आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतून, खास फिल्टर लावूनसुद्धा दमवतो. अंधारात आपल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा प्रकाश सर्वांत चांगला कळतो. ६५६ चा लाल त्यांना जवळजवळ कळतच नाही. म्हणजे लाल पडदा तिथे आहेच, आपला डोळा त्यासाठी घडलेला नाही. या घोड्याचा शोधच फोटोतून लागला. विल्यमिना फ्लेमिंग यांना तो १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेटवर दिसला. आधी त्या वेधशाळेच्या संचालकांच्याच घरी मोलकरीण होत्या.

पुन्हापुन्हा
पण कुठे थांबायचं? हबल दुर्बिणीचा तो १९९५ चा वायू-धुळीच्या खांबांचा प्रसिद्ध फोटो घ्या. गंधकाचा प्रकाश लाल दाखवला, हायड्रोजनचा हिरवा, ऑक्सिजनचा निळा. हायड्रोजन तर लाल असतो!

आकाशवेडी
तिथे कोणता रंग कशासाठी, ते जाहीर करून दाखवलं आहे. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही लालच, तसेच ठेवले तर कुठे काय आहे ते वेगळं दिसणार नाही. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी दाखवतो त्यातलं. माझी रेघ वेगळी आहे: आलेल्या प्रकाशाला वर आण, खाली ने, रंग दे, काय केलंस ते सांग. न आलेला प्रकाश घालू नकोस.

रात्रपाळी
ही रेघ मी एकदा ओलांडली आहे, म्हणून मनापासून लिहितो. मागच्या वर्षी मी घोड्याचा फोटो आपोआप धारदार करणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढला. आयाळीत बारीक बारीक बटा आल्या. घरच्या ग्रुपवर टाकला, कौतुक झालं. आठवड्याने मोठ्या दुर्बिणीचा फोटो शेजारी ठेवून ताडला तर तशा बटा तिथे नाहीतच! माझ्या फोटोत त्या जागी चार पिक्सेलची खरखर होती, तिलाच त्याने केस समजून विंचरलं. फोटो काढून टाकला आणि ग्रुपवर कारण लिहिलं. आता प्रत्येक पायरीची फाइल वेगळी ठेवतो. नवी पायरी करताना एखादी गोष्ट अचानक उगवली, जी मागच्या फाइलमध्ये अंधुकशीसुद्धा नव्हती, तर मी थांबतो.

समईची_वात
@रात्रपाळी, हे लिहिल्याबद्दल आभार. माझा प्रश्न सुटला.

गिर्येकर
देवगडचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाला विसरू नका. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेबांनी किल्ल्यावरून बघितलं आणि हेलियम शोधला. साहेबाचे ओटे आजही आहेत.

गणिताचे_सर
गिर्येकर, ग्रहणपट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहण नसताना घेतला. ग्रहणात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन होते. हेलियमची पिवळी रेषा ५८७.५ नॅनोमीटरची, ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडलं १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना.

पण विषयाला धरून एक गंमत सांगतो. जान्सनना त्या दिवशी ज्वाळांमध्ये ज्या ठळक रेषा दिसल्या त्या हायड्रोजनच्या. सडेकर ज्या लाल रेषेसाठी रात्री जागतोय तीही हायड्रोजनचीच. विजयदुर्गावर खग्रासाच्या वेळी ज्या कुणी मान वर करून काळ्या बिंबाच्या कडेला गुलाबी ज्वाळा पाहिल्या असतील, त्याने हाच प्रकाश पाहिला.

गिर्येकर
सर, हे माहीत नव्हतं. लहानपणापासून ऐकत आलो तेच लिहिलं. शेवटचं वाक्य मात्र किल्ल्यावर पाहुण्यांना सांगणार.

तात्या_मालवण
बाबानू, माका ह्या सगळा कळाक नाय, पण वाचूक बरा वाटता. आमच्या वाडीत तिठ्यावर मोठो दिवो लावल्यानी तेव्हापासून अंगणातसून कृत्तिकासुद्धा धड दिसनत नाय. पूर्वी नातवांक मोजूक लावी, सात की सहा.

मोहर
तात्या, आमच्याकडेही असाच दिवा लागला होता. आम्ही तिघी ग्रामसभेत गेलो. दिवा काढा म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, आणि रात्री रस्त्यावर उजेड लागतोच. आम्ही एवढंच मागितलं की वरून टोपी बसवा, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. पत्र्याची टोपी बसली, रस्ता उलट जास्त स्पष्ट दिसतो. विचारून बघा. पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार राखलेलं उद्यान) जाहीर झालं. आपल्या सड्यांवर अजून फुकट अंधार आहे.

नवखा_अलिबाग
मधेच विचारतो, माफी असावी. ट्रॅकर ध्रुवाकडे लावायचा म्हणतात, पण आमच्या अंगणातून ध्रुव दिसतच नाही, माडांच्या झावळ्यांत असतो.

सडेकर
@नवखा_अलिबाग, कोकणात हे सगळ्यांचं दुखणं. ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, माझ्याकडे १६ अंश, तुमच्याकडे १८-१९. उत्तरेला मोकळी जागा असलेला कातळ, पुळण किंवा गच्ची शोधा. आणि ध्रुव बरोबर मध्यावर ठेवू नका, खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. फोनवरच्या ॲपमध्ये त्या वेळची जागा दाखवतात.

सडेकर
मंडळी, महिन्याने येतोय. पौष अमावस्येच्या आगेमागे पाच रात्री मिळाल्या. रत्नांग्रीकर दादांचं ऐकून आठला सुरू, दीडला बंद. पुठ्ठ्याचा हूड आणि गरम पट्टा, पाचही रात्री काच कोरडी राहिली. एक रात्र ढगांनी निम्मी खाल्ली. चौथ्या रात्री सड्यावर कोल्हेकुई इतकी जवळ आली की बाबा कंदील घेऊन सोबतीला येऊन बसले. कंदिलावर लाल कागद गुंडाळून!

नवीन ४०२ फ्रेम. जुन्या ११८ मधल्या बारानंतरच्या टाकून ७१ ठेवल्या. एकूण ४७३ मिनिटं, सरांच्या आठ तासांना सात मिनिटं कमी. रोज पहाटे बनियनवाले फ्लॅट. ठिपके हाताने, एकोणीस. कॅमेरा उघडला नाही.

लाल पडदा अजून फिकाच आहे, विटलेल्या कुंकवासारखा. कोपऱ्यात थोडी खरखर राहिली आहे. पण मधोमध डोकं उभं आहे. मान, थूथन, टाळूचा बाक. मी पिक्सेल मोजले, ९३ भरले.

सकाळी आजीला लॅपटॉपवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो घोडो नाय रे, जाळ्यात कधी कधी गावता ना, तो समुद्रातलो घोडो." आणि खरंच तसाच आहे, छातीशी हनुवटी घेतलेला. मी तिला सांगितलं, हा उजेड तिथून निघाला त्याला सुमारे १४०० वर्षं झाली, तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता. तिने विचारलं, "मगे आता थंय काय असात?"

फोटो, आणि सगळ्या पायऱ्यांच्या फाइल खाली जोडल्या आहेत. काही चुकलं असेल तर सांगा.

दर्यासारंग
मित्रा, मी हरलो आणि मला फार आनंद झालाय. न उघडलेल्या कॅमेऱ्यातून हे!

गणिताचे_सर
९३! शाबास.

रात्रपाळी
पायऱ्या एकेक करून पाहिल्या. पहिल्या फाइलमध्ये जे अंधुक आहे तेच शेवटच्या फाइलमध्ये ठळक आहे, मधे काही उगवलेलं नाही. ताऱ्यांभोवती निळसर कडा आहेत, ती जुन्या लेन्सची देणगी. एफ ५.६ वर नेलंस, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलंस, तर कमी होईल, वेळ मात्र दुप्पट लागेल.

आकाशवेडी
आजीच्या प्रश्नाला माझा नमस्कार सांग. ज्वालेच्या खालचा भाग थोडा जास्त ताणलास, तेवढा परत घे. बाकी काही हात लावू नकोस.

मोहर
माघातली अमावस्या अजून आहे. तेव्हा मृग संध्याकाळीच डोक्याजवळ असेल, अंधार पडला की लगेच बस. पण शेजारपाजारच्या भाजावळी कधी आहेत ते आधी विचारून घे. एकदा राब पेटले की आठ-आठ दिवस धूर खाली दबून राहतो.

सडेकर
विचारलं. वरच्या वाडीतले काका म्हणाले, अमावस्या होऊ दे तुझी, मग पेटवतो.